सालगड्याचा संत

तगरवाडीत केरबाला लहानथोर सगळे मास्तर म्हणत, पण शाळेची पायरी तो कधी चढला नव्हता. चन्नबसप्पांच्या शेतावर त्यानं बावीस वर्षं सालगडी म्हणून काढली. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला संपायचं आणि त्याच दिवशी नवं सुरू व्हायचं. बैलांचं चारापाणी, औत, पेरणी, राखण, शेणगोठा, आणि सणावाराला मालकाच्या अंगणात एक ताट. अक्षरओळख त्याला झाली ती चाळिशी उलटून गेल्यावर, आणि तीही एका संतापायी.

बहात्तरच्या दुष्काळात निलंग्याच्या बाजूनं एक गोरे फादर जीप घेऊन गावात आले. उन्हानं लाल झालेली मान, गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेला पांढरा झगा, आणि मराठी अशी की ऐकणाऱ्याला आधी हसू यावं. गावाच्या खालच्या टोकाला मांगवाड्याची वीस-पंचवीस घरं होती. तिथल्या बायकांना वरच्या विहिरीवर जाऊन, कुणीतरी वरून घागरीत पाणी ओतेल म्हणून उन्हात ताटकळत बसावं लागायचं. फादरांनी त्या टोकालाच विहिरीचं काम काढलं. खोदायला येईल त्याला गहू, पिवळा मका आणि तेल. चन्नबसप्पांनी त्या वर्षी बैल विकून टाकले होते, औत बंद होतं, तेव्हा केरबाही पहार घेऊन तिथं गेला. त्याची बायको सरजाबाई टोपलं घेऊन गेली. त्यांची एकुलती एक लेक नागू तेव्हा चौदा-पंधराची होती, तीही गेली.

दुपारच्या सुट्टीत फादर डबराच्या ढिगावर बसायचे आणि गोष्ट सांगायचे. लांब स्पेन नावाच्या मुलखात, असल्याच कोरड्या मातीत, इसिदोर नावाचा एक माणूस होऊन गेला. त्याला स्वतःचं शेत नव्हतं. जन्मभर तो दुसऱ्याच्या रानात राबला. पहाटे आधी देवळात जायचा, मग औत धरायचा. बाकीच्या गड्यांनी मालकाकडे चुगली केली की हा उशिरा येतो. मालक बघायला आला, तर इसिदोरच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या बैलांची औतं चाललेली आणि ती देवदूत हाकतायत. एकदा मालकाला तहान लागली, तर इसिदोरनं हातातली बैल हाकायची पराणी जमिनीत खुपसली आणि झरा फुटला. आणि एकदा त्याचं लेकरू विहिरीत पडलं. विहीर लई खोल. नवरा-बायकोनं काठावर गुडघे टेकले, आणि तळातलं पाणी चढत चढत वर आलं, पार काठापर्यंत, आणि लेकरू पाण्यावर तरंगत त्यांच्या हातात आलं.

केरबानं विचारलं, "फादर, म्हंजे त्यो सालगडी व्हता?"

"होय. सालगडी."

"आन् तुमी त्याच्या पाया पडता?"

"आम्ही सगळे पडतो. त्या देशाचे राजेसुद्धा पडले."

केरबा त्या दिवशी अंधार पडेस्तोवर पहार मारत राहिला. घरी आल्यावर सरजाबाईला एवढंच म्हणाला, "राजे पडले म्हन, सालगड्याच्या पाया."

नऊ पुरुस खोल गेल्यावर विहिरीला पाणी लागलं. एकावर एक नऊ माणसं उभी केली तर वरच्याचं डोकं काठाला लागावं, एवढी खोल. पाणी लागलं त्या दिवशी खालच्या वस्तीतल्या बायकांनी एकमेकींच्या अंगावर चिखल उडवला. पुढच्या वर्षी अकरा घरांनी बाप्तिस्मा घेतला. वरच्या गावात लोक म्हणायचे, हे मक्याचे किरिस्ताव. ते केरबाला लई झोंबायचं. मका तर सगळ्यांनीच खाल्ला होता, बाप्तिस्मा न घेतलेल्या घरांनीसुद्धा. तो गेला होता त्या सालगड्यामागं, आणि ते कुणाला सांगून पटण्यासारखं नव्हतं.

फादरांनी विहिरीपाशी पत्र्याची एक खोली बांधली, आत संत इसिदोरची दोन हात उंचीची मूर्ती ठेवली, आणि केरबाला त्या संताच्या चरित्राचं सोळा पानांचं पुस्तक दिलं. तेवढ्यासाठी केरबा वाचायला शिकला. अक्षर अक्षर जुळवत त्यानं ते पुस्तक इतकं वाचलं की पानं कापडासारखी मऊ पडली. मग फादरांनी त्याला धर्मशिक्षक केलं. सालगडीपण सुटलं. दरवर्षी पंधरा मेला संताचा सण व्हायचा, मिस्सा, म्हणजे फादरांची उपासना, झाली की केरबा उभा राहून त्या संताची सगळी गोष्ट सांगायचा. ऐकायला आसपासच्या चार खेड्यांतून माणसं यायची. विहिरीच्या गोष्टीपाशी आलं की तो हात हळूहळू वर न्यायचा, आणि बायकांचे श्वास त्याच्या हाताबरोबर वर चढायचे.

पाच-सहा वर्षं बरी गेली. मग थोरले फादर आजारी पडून त्यांच्या देशी गेले आणि तिकडेच वारले. सरजाबाई काविळीनं गेली. नागूला मुदखेडला दिली होती, रेल्वेच्या कामावर मजूर असलेल्या पोराला. तो रुळावर अपघातात गेला आणि नागू कपड्यांचं एक गाठोडं घेऊन बापाकडे परत आली. मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणून केरबानं दोनदा विषय काढला, तिनं दोन्ही वेळा भाकरी थापता थापता मान हलवली आणि तो विषय तव्याखाली गेला.

बाप्तिस्मा घेतलेली घरंही एकेक करून सुटत गेली. दाखल्यावर ख्रिस्ती लिहिलं की सवलत जायची. पोराला वसतिगृहात जागा नाही, घरकुलाच्या यादीत नाव नाही. मग एकेकानं जुनीच जात लिहिली, गळ्यातला क्रूस काढून ट्रंकेत ठेवला. केरबाला समोरून येताना बघितलं की ती माणसं गल्ली बदलायची. केरबानं कुणाला बोल लावला नाही. अकरा घरांची चार घरं झाली.

आणि मग लातूर जिल्हा झाला.

गावात त्याची मिरवणूक निघाली, गुलाल उडाला, पोरं टेंपोत बसून लातूरला जाऊन आली. उस्मानाबादचे हेलपाटे आता चुकले म्हणून म्हातारे खूश होते. पण त्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली. खरीप करपला, रब्बी पेरलीच नाही. गावात काम नव्हतं आणि तिकडं नव्या जिल्ह्यात कचेऱ्या, सरकारी घरं, रस्ते अशी कामंच कामं. संक्रांतीनंतर खालच्या वस्तीतली माणसं भांडीकुंडी बांधून लातूरला जाऊ लागली, गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहायला. मार्च संपेस्तोवर वस्तीत पिकली पानं, आजारी माणसं आणि केरबासारखे दोघे-तिघे, एवढेच उरले.

विहिरीला तळ दिसू लागला. पायऱ्या निम्म्यापर्यंतच होत्या, त्याखाली भिंतीतून बाहेर काढलेले दगड, आणि त्याच्याखाली उघडा खडक. बायका दगडांवर पाय ठेवून खाली उतरायच्या, कपारीत साचलेलं पाणी तांब्यानं खरवडून घागरीत भरायच्या आणि वरून दुसरी बाई घागर ओढून घ्यायची. एक घागर भरायला तासाच्या वर लागायचा. टँकर एक दिवसाआड यायचा आणि वरच्या गावाच्या चौकात उभा राहायचा.

नागू अशीच एकदा घागर घेऊन आली, ती दारात टेकली आणि बापाकडे बघत म्हणाली, "दादा, तुमच्या संतानं मालकासाठी झरा काढला न्हवं?"

"हाव."

"मंग पीक लई आलं आसंल त्या रानात."

"आलं आसंल की."

"ते रान शेवटाला कुनाच्या नावानं व्हतं?"

केरबाला पुस्तकात बघायची गरज नव्हती. "मालकाच्याच."

"देवदूत औत हाकायला आले, पर सात-बारा बदलायला न्हाई आले," नागू म्हणाली. ती हसत होती. कुचेष्टा नव्हती त्यात, बापाशी ती असंच बोलायची. केरबाही हसला. पण ती पाणी गाळायला आत गेल्यावर तो बराच वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

त्या वर्षी पंधरा मे रविवारी आला होता. निलंग्याहून नवे फादर येणार होते, फादर अंब्रोज, वसईकडचे, तिशीतले, आणि बोलायला मऊ. त्यांनी निरोप धाडला होता की यंदा सण साधाच करू, दुष्काळ आहे. पण केरबाला ते जमेना. दुष्काळातच जर शेतकऱ्यांच्या संताचा सण झाला नाही, तर तो कधी करायचा? त्यानं चारी खेड्यांना सांगावा धाडला. दहा-वीस माणसांनी तरी येतो म्हणून कळवलं.

शनिवारी टँकर आला नाही. वाटेत नादुरुस्त झाला म्हणून नंतर कळलं. दुपारी दोनच्या सुमारास केरबा विहिरीच्या काठाशी जाऊन आला आणि नागूला म्हणाला, "दोन घागरी काढ, माय. एक फरशी पुसायला, एक उद्या येनाऱ्यांना प्यायला."

"सकाळच्या पारी काढते ना दादा. रातभर पानी साचतंय. आत्ता खाली काय बी न्हाई."

"सकाळी फादर येतील, लोक येतील. तवा घागरी वढत बसनार का? मानसं चार कोस उन्हात चालत येनार. पानी इचारतील तर काय सांगू त्यान्ला?"

नागूनं पदर खोचला. शेजारची पारूबाई, साठीची, बाप्तिस्मा टिकवलेल्या चार घरांपैकी एका घरातली, तिला हाक मारून दोघी विहिरीवर गेल्या. केरबा खोलीत मूर्तीवरची धूळ फडक्यानं पुसत होता. नांगराशेजारी उभा असलेला तो माणूस, हातात पराणी, आणि कडेकडेचा रंग उडालेला.

पारूबाईची किंकाळी आली तेव्हा फडकं त्याच्या हातातच होतं.

खडकाच्या वरचा शेवटचा दगड नागूच्या पायाखालून निखळला होता. ती तीन पुरुस खाली उघड्या खडकावर पडली होती. केरबानं काठावरून वाकून बघितलं, तर आधी नुसती तिची हिरवी साडी दिसली. मग तिचा हात हलला. मग आवाज आला, बारीक, "दादा."

पुढं जे झालं ते केरबा मरेपर्यंत विसरला नाही, आणि दुसऱ्या कुणी त्याला त्याबद्दल कधी एक शब्द बोललं नाही. पारूबाई ओरडत वस्तीकडे पळाली. बौद्ध वस्तीतला भीमा, गावात टपाल वाटायचा, तो सायकल टाकून धावत आला. त्याच्या मागून चन्नबसप्पांचा लेक सिद्धेश्वर बाज आणि दोरखंड घेऊन आला. आणि केरबा काठावर गुडघे टेकून बसला होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले. तो पाण्याची वाट बघत होता. त्याला खरंच वाटत होतं की आता खालून गार वारा येईल, आवाज येईल, आणि पाणी चढू लागेल. दहा वर्षं त्यानं हात वर नेऊन ते पाणी चढवलं होतं.

भीमानं बाजेला दोर बांधला. खाली उतरायला सिद्धेश्वर निघाला, मग वर दोर धरायला भीमा एकटाच उरला.

"मास्तर! दोर धरा!"

केरबा हलला नाही.

"मास्तर, उठा की! एकट्याला पेलायचं न्हाई मला!"

किती वेळ गेला, कुणी मोजला नाही. फार नसेल. भीमानं शेवटी त्याच्या खांद्याला धरून उठवलं, दोर त्याच्या हातात दिला आणि केरबा जागा झाल्यासारखा ओढू लागला. पारूबाई आणखी दोघांना घेऊन आली. नागूला बाजेवर बांधून वर आणलं तेव्हा तिचा डावा पाय उलटा वळलेला होता आणि कानातून रक्त येत होतं. केसांना ओला चिखल लागला होता. पारूबाईनं आपल्या घरातलं, गाडग्याच्या तळाशी उरलेलं पाणी तिच्या तोंडाला लावलं. ती दोन घोट प्यायली.

"दादा, घागर फुटली," ती म्हणाली.

"फुटू दे माय. फुटू दे."

सिद्धेश्वरनं जीप काढली. निलंग्याच्या डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं आणि लगेच लातूरला न्या म्हणून सांगितलं. जीपच्या मागच्या बाजूला केरबानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. भीमा समोर बसून सलाईनची बाटली धरून होता. लामजन्याच्या पुढं ऊन कलायला लागलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या रस्त्यासाठी टाकलेले खडीचे ढीग होते. तिथं कुठंतरी नागूचा श्वास थांबला. केरबाला लगेच कळलं नाही. भीमाला कळलं. त्यानं बाटली हळूच खाली ठेवली आणि सिद्धेश्वरच्या पाठीवर हात ठेवला, तशी जीप थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर अंब्रोज सणासाठी आले आणि त्यांना नागूचं दफन करावं लागलं. वस्तीच्या मागं ख्रिस्तावांच्या मातीसाठी जमिनीचा एक तुकडा होता, सरजाबाईलाही तिथंच पुरलं होतं. जमीन एवढी वाळलेली की पहारीच्या घावानं ठिणग्या उडत होत्या. भीमा आणि सिद्धेश्वरनंच खड्डा खणला. लोक सणासाठी चालत आले होते, त्यांना वाटेत कळलं, काही परत फिरले, बाकीचे आले. सतरा-अठरा माणसं असतील. माती टाकून झाल्यावर कुठं जावं ते कुणाला कळेना. ऊन चढलं होतं. सगळे पत्र्याच्या खोलीत येऊन बसले. फरशी पुसलेली नव्हती.

फादरांनी मिस्सा थोडक्यात केली. मग केरबाच्या कानाशी वाकून म्हणाले, "मास्तर, आज तुम्ही काही बोलू नका. मी सांगतो लोकांना."

"सांगतो की मी," केरबा म्हणाला. "दरसाल सांगतो."

तो उभा राहिला. नेहमीसारखीच सुरुवात केली. लांब एक मुलूख होता, त्यात इसिदोर नावाचा सालगडी होता. आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळं लोकांना आधी बरं वाटलं. पहाटेची प्रार्थना झाली, चुगली झाली, पांढरे बैल झाले. पराणी जमिनीत खुपसून झाली. मग तो थांबला. सगळ्यांना ठाऊक होतं पुढं काय आहे. पारूबाईनं तोंडावर पदर धरला.

"आन् एकदा त्याचं लेकरू हिरीत पडलं," केरबा म्हणाला. "नवरा-बायको काठावर गुडघ्यावर बसले. पुस्तकात लिवलंय की पानी वर आलं. मी दहा साल तुमाला तसंच सांगितलं. काल मी बी बसलो. मी लई मनापासून बसलो. भीमा दोर धरा म्हनत व्हता, मी ऐकलं न्हाई. पानी न्हाई आलं."

फादर अंब्रोज उठले. केरबानं हातानं त्यांना बसा म्हणून खूण केली.

"फादर, मी देवाला शिव्या देत न्हाई. मला एक सांगा. तुमी शिकलेले हाव. इसिदोर मेला त्याच्या किती सालानं त्याला संत म्हनले?"

फादरांनी सांगितलं, "जवळजवळ पाचशे वर्षांनी."

"पाचशे. आन् एकट्याला म्हनले का?"

"नाही. त्याच दिवशी आणखी चार जणांना. मोठे विद्वान, मोठ्या संस्था काढणारे."

"मला ठावं हाय. पुस्तकात हाय. चार मोठी मानसं आन् एक सालगडी. मी ते वाचलं तवा रडलो व्हतो. आपल्यातला मानूस त्या रांगंत बसला म्हनून." त्यानं लोकांकडे बघितलं. "नागू मला इचारायची, रान कुनाच्या नावानं ऱ्हायलं. मी म्हनलं मालकाच्या. त्यानं सगळा जलम दुसऱ्याच्या रानात काढला, दुसऱ्यासाठी पानी काढलं, आन् मेला तवा गडीच व्हता. पाचशे सालानं राजे पाया पडले तर त्याला काय त्याचं. मातीत व्हता तो. हे मी कवा सांगितलंच न्हाई तुमाला. मी निसतं पान्याचं सांगितलं."

एवढं बोलून तो मूर्तीकडे पाठ करून खाली बसला. पत्रा तापून तडतडत होता. पलीकडच्या खेड्यातून आलेली एक बाई, पोट पुढं आलेली, बराच वेळ ओठ चाटत बसली होती. तिनं शेवटी पारूबाईला हळूच विचारलं, "आक्का, प्यायला घोटभर पानी मिळंल का?"

पारूबाईनं फादरांकडे बघितलं. फादरांनी मान खाली घातली. भीमा दाराशी उभा होता, तो घरी गेला आणि अर्धी घागर घेऊन आला. अठरा माणसांत ती फिरली. केरबापाशी आली तेव्हा त्यानं ती पुढं सरकवली.

महिन्याभरात ते सगळं मोडलं. पाऊस जूनमध्ये एकदा शिंपडून गेला आणि पुन्हा लांबला. फादरांनी आपल्या वरिष्ठांना लिहिलं, तिकडून उत्तर आलं की तगरवाडीत आता कुटुंबं उरली नाहीत, तिथलं प्रार्थनाघर बंद करावं. फादर अंब्रोज स्वतः टेंपो घेऊन आले. मूर्ती पोत्यात गुंडाळली, मेणबत्त्यांच्या दांड्या, मिस्साचं साहित्य, सगळं चढवलं. पत्रे कुणाला हवे असतील तर घ्या म्हणाले. पारूबाईनं दोन घेतले, बाकीचे जो तो घेऊन गेला.

विहिरीवर बाभळीच्या फांद्या टाकून ठेवल्या. कुणी त्यात उतरू नये म्हणून सिद्धेश्वरनंच त्या आणून टाकल्या. जाताना तो केरबाला म्हणाला, "मास्तर, आप्पा म्हणत होते, शेतावर राखणीला या. बसून काम. साल न ठरवता." चन्नबसप्पा वाईट माणूस नव्हता. केरबानं विचार करतो म्हणून सांगितलं, आणि चार दिवसांनी पारूबाईबरोबर लातूरच्या गाडीत बसला. पारूबाईचा लेक तिकडं मिस्त्रीच्या हाताखाली होता.

तिथं नव्या सरकारी घरांचं काम चाललं होतं. एकसारख्या भिंतींच्या ओळी, लांबवर, जिथं वर्षभरापूर्वी ज्वारी होती. केरबाला वीट उचलवत नव्हती. मिस्त्रीनं त्याला भिंतींना पाणी मारायचं काम दिलं. सिमेंट पक्कं व्हायचं तर दिवसातून तीनदा भिंत भिजवावी लागते. टाकी भरायला टँकर दिवसाला दोनदा यायचा, न चुकता. केरबा रबरी पाइप धरून उभा राहायचा आणि पाणी नव्या विटांवरून ओघळत खालच्या मातीत जायचं. पहिल्या दिवशी तो सारखा पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबून धरायचा, आणि पाणी सोडा म्हणून मिस्त्रीला हाक मारावी लागायची. मग सवय झाली. कामावरच्या बायका खालच्या खळग्यात साचलेल्या पाण्यात लेकरांचे कपडे धुऊन घ्यायच्या, त्यांना तो ओरडायचा नाही.

त्यानं पुस्तक आणलं नव्हतं. कुठं ठेवलं होतं ते त्याला आठवतही नव्हतं. पारूबाई रविवारी लातूरच्या ख्रिस्ती देवळात जायची, तो जायचा नाही. ती एकदा म्हणाली, "मास्तर, तुमीच आमाला न्हेलं व्हतं त्या वाटंला. आन् तुमीच बसलाव हितं."

"तू जा," तो म्हणाला. "तुला बरं वाटतं ना? मंग जा."

दिवाळीच्या आसपास फादर अंब्रोज त्याला शोधत कामावर आले. अंगात साधा शर्ट होता, पायात चपला. त्यांनी आणलेली केळी एका विटेवर ठेवली. मग फादर म्हणाले की या भागातल्या मिशनच्या कामाची एक लहानशी पुस्तिका काढायची आहे, कुठल्या गावात काय झालं, कोण कोण होते. तगरवाडीचं त्यांना काही ठाऊक नाही. थोरल्या फादरांची पत्रं मिळाली आहेत, पण ती विहिरीबद्दलच आहेत.

"तुम्ही सांगा मास्तर, मी लिहितो. संताच्या नावानं त्या गावात काय काय राहिलं?"

केरबा पाइप धरून उभा होता. पाणी चालू होतं. "लिवा," तो म्हणाला. "हीर खनली, पानी लागलं. अकरा घरं किरिस्ताव झाली, धा साल हीर चालली, मंग आटली. घरं गेली." तो थांबला. "नागुबाई केरबा. तिचं नाव लिवा. वय पंचवीस."

फादरांनी लिहिलं. "तिच्याबद्दल काय लिहू?"

"सनाचं पानी आनायला बापानं धाडलं व्हतं."

"मास्तर, असं कसं लिहू मी?"

"तसंच झालंय."

फादरांची पेन्सिल कागदावर थांबून राहिली. ते काहीतरी बोलणार होते. संताबद्दल असेल, क्षमेबद्दल असेल, किंवा नुसतं घरी चला म्हणणार असतील. त्यांच्या चेहऱ्यावर ते येऊन गेलं आणि त्यांनी वही मिटली. केरबाच्या खांद्यावर हात ठेवून ते निघाले. विटांच्या ढिगांमधून, साचलेलं पाणी चुकवत चुकवत ते रस्त्यापर्यंत गेले.

पलीकडच्या ओळीतून मिस्त्रीची हाक आली. तिकडची भिंत वाळून पांढरी पडायला लागली होती. केरबानं पाइप खांद्यावर घेतला आणि तिकडं चालू लागला.